संशोधनाची पहिली इयत्ता

पहिले सत्र संपत आले की महाविद्यालयांच्या आसपासच्या झेरॉक्सच्या दुकानांत एक ठराविक गर्दी दिसू लागते. पदवीच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी पेनड्राइव्ह किंवा मोबाइल हातात घेऊन रांगेत उभे असतात. प्रदूषण, लोकसंख्यावाढ, एखादी नदी, एखादा समाजसुधारक अशा विषयांवरील वीस-पंचवीस पानांचे प्रकल्प भराभर छापले जातात. त्यांना स्पायरल बाइंडिंग होते, मुखपृष्ठावर नाव आणि हजेरी क्रमांक चढतो आणि सायंकाळपर्यंत गठ्ठे विभागात जमा होतात. त्यांतील बरीच पाने विद्यार्थ्याने वाचलेली नसतात. शंभर-सव्वाशे प्रकल्प तपासणाऱ्या शिक्षकालाही ती सारी वाचणे शक्य नसते. दोन्ही बाजूंना हे ठाऊक असते. तरीही गुण दिले जातात, घेतले जातात आणि सत्र पार पडते.

हा व्यवहार वरकरणी निरुपद्रवी वाटतो. पहिल्या वर्षाच्या प्रकल्पाने कुणाचे काय बिघडणार, असेही म्हटले जाते. प्रत्यक्षात याच वर्षी एक महत्त्वाची गोष्ट ठरत असते. वाचलेले आपल्या वाक्यात मांडता येते की नाही, आपण लिहिलेल्या विधानाला आधार कोणता हे सांगता येते की नाही, याची सवय या वर्षात लागते किंवा लागत नाही. पुढे पदव्युत्तर प्रबंध लिहिताना किंवा नोकरीत साधा अहवाल तयार करताना अडणारा विद्यार्थी बहुधा येथेच अडलेला असतो. त्याचे अडणे मात्र तेव्हा कुणाच्या नजरेस आलेले नसते.

बारावीने शिकवलेले लेखन

या परिस्थितीचे खापर विद्यार्थ्यांच्या आळसावर फोडणे सोपे आहे. पण ते न्याय्य नाही. बारावीपर्यंत पोहोचलेल्या विद्यार्थ्याने लिहिण्याचा एकच प्रकार पाहिलेला असतो. प्रश्न दुसऱ्याने काढायचा, उत्तर ठरलेले असायचे आणि ते ठरलेल्या मुद्द्यांत, ठरलेल्या वेळेत उतरवायचे. मार्गदर्शक पुस्तक, शिकवणीच्या नोट्स आणि अपेक्षित प्रश्नांचे संच ही त्याची साधने. उत्तर कोठून घेतले, हे सांगण्याची गरज नसते. कारण सर्वांचे उत्तर एकाच ठिकाणाहून आलेले असते. जो विद्यार्थी ते हुबेहूब उतरवतो तो हुशार ठरतो. अशा बारा वर्षांच्या तालमीनंतर तोच विद्यार्थी महाविद्यालयात येतो आणि कालपर्यंत ज्या कृतीला शाबासकी मिळत होती तिला अचानक ‘चौर्य’ हे नाव मिळते. नियम कधी बदलला, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

या तालमीची मुळे जुनी आहेत. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले. आरंभी त्याचे मुख्य काम परीक्षा घेणे आणि पदव्या देणे हे होते. शिकवण्याचे काम महाविद्यालये करीत. त्यामुळे लेखन म्हणजे उत्तरपत्रिका हे समीकरण आपल्याकडे आरंभापासूनच बळकट झाले. अमेरिकेत वाट थोडी वेगळी होती. हार्वर्डने १८७४ पासून प्रवेशपरीक्षेत इंग्रजी निबंधलेखन घातले. विद्यार्थ्यांच्या लेखनातील उणिवा त्यातून उघड झाल्या आणि १८८५ मध्ये लेखनाचा आवश्यक अभ्यासक्रम पहिल्या वर्षात आणला गेला. पुढे तेथील बहुतेक विद्यापीठांत पहिल्या वर्षाचे लेखन हा स्वतंत्र विषय बनला. तेथील सर्व विद्यार्थी त्यामुळे उत्तम लिहू लागले असे नव्हे. पण लिहिणे शिकवावे लागते आणि ते महाविद्यालयाचे काम आहे, एवढे तरी त्या व्यवस्थेने मान्य केले.

नियमाच्या बाहेरचे वर्ष

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याला आळा घालण्यासाठी विनियम अधिसूचित केले. त्यांत साम्याच्या टक्केवारीनुसार कारवाईच्या पायऱ्या ठरवल्या गेल्या. प्रबंधात दहा टक्क्यांपर्यंत साम्य आढळल्यास दंड नाही. दहा ते चाळीस टक्के साम्य असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध सादर करायचा. चाळीस ते साठ टक्क्यांसाठी एक वर्षाची बंदी आणि साठ टक्क्यांच्या वर गेल्यास थेट नोंदणी रद्द. या तरतुदींची चर्चा बरीच झाली. मात्र त्याच विनियमांतील व्याख्येकडे फारसे लक्ष गेले नाही. वर्गात दिलेले स्वाध्याय, सत्रनिबंध, प्रकल्प अहवाल आणि उत्तरपत्रिका या गोष्टी त्यांतून वगळलेल्या आहेत.

वगळण्यामागे व्यवहार्य विचार असू शकतो. लाखो विद्यार्थ्यांचे स्वाध्याय यंत्राने तपासणे आणि त्यावर समित्या बसवणे शक्य नाही. परंतु त्याचा अर्थ असा होतो की, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला उचलेगिरीपासून दूर ठेवणारा कोणताही कायदेशीर धाक नाही. तेथे फक्त सवय आणि शिक्षक या दोनच गोष्टी उपयोगी पडतात.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आल्यानंतर या प्रश्नाला आणखी धार आली. चार वर्षांच्या पदवीत संशोधनासह ऑनर्सची वाट खुली झाली. आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्यांना चौथ्या वर्षी संशोधन प्रकल्प घेता येतो आणि त्याला बारा श्रेयांक आहेत. म्हणजे पूर्वी एम.ए. किंवा पीएच.डी.च्या उंबरठ्यावर येणारा प्रसंग आता विशी-एकविशीतच येतो. तीन वर्षे छापील पाने जोडत आलेल्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी एकाएकी संशोधन करता येईल, ही अपेक्षा बाळगणे अवघड आहे. घरात पुस्तके आणि पदवीधर माणसे असलेला विद्यार्थी कदाचित धडपडून मार्ग काढील. घराण्यातून पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेल्या मुलीला मात्र हे कौशल्य वर्गातच मिळाले पाहिजे. तिला ते अन्यत्र मिळण्याची शक्यता कमी असते.

प्रश्न लहान हवा

संशोधनाची पहिली सवय म्हणजे विषयाचे प्रश्नात रूपांतर करणे. ‘पानशेतचा पूर’ हा विषय आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचा जुना बांधही कोसळला आणि मुठेकाठचे पुणे पाण्याखाली गेले. या विषयावर पंचवीस पाने सहज जमतात, कारण जमवण्यासारखे पुष्कळ आहे. पण ती पाने कोणत्याही प्रश्नाचे उत्तर देत नाहीत.

आता प्रश्न असा विचारला की, पूर ओसरल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात पुणेकरांनी पिण्याचे पाणी कोठून मिळवले? खडकवासला हाच शहराच्या पाणीपुरवठ्याचा आधार होता आणि तोच बांध फुटला होता. एवढी एक गोष्ट लक्षात आली की प्रश्नाला दिशा मिळते. शहरातील विहिरी व हौद त्या वेळी कितपत वापरात होते? पेशवाईत कात्रजहून आणलेल्या पाण्याचा उपयोग झाला का? टँकर कोणत्या भागांत गेले? हा प्रश्न पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला पेलण्याजोगा आहे आणि त्याचे तयार उत्तर झेरॉक्सच्या दुकानात मिळत नाही.

लहान प्रश्नाचा दुसरा लाभ असा की, कोणती साधने पाहायची हे तो प्रश्नच सांगतो. जुलै आणि ऑगस्ट १९६१ मधील पुण्याची दैनिके पाहावी लागतात. महापालिकेचे अहवाल आणि पुराच्या चौकशीचे कागद शोधावे लागतात. शहराच्या जुन्या पाणीपुरवठ्याची पार्श्वभूमी हवी असल्यास १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेले पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर उपयोगी पडते. शिवाय १९६१ मध्ये बारा-पंधरा वर्षांची असलेली माणसे आज पंचाहत्तरी ओलांडून शहरात आहेत. घागर घेऊन कोणत्या विहिरीवर रांग लावली होती, हे त्यांच्यापैकी कुणाला आठवत असेल. ही साधने दर वर्षी कमी होत जाणारी आहेत. अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने शेजारच्या आजींची अर्धा तास मुलाखत घेतली, दिवस आणि नाव नोंदवले, त्यांची परवानगी घेतली, तर त्याच्या वहीत इतर कुठल्याही ग्रंथालयात नसलेली एक नोंद तयार होते.

पुण्याचे हे उदाहरण केवळ वानगीदाखल. प्रत्येक गावात अशी एखादी गिरणी, बाजारपेठ, तलाव, शाळा किंवा रस्ता असतोच.

टिपणाची शिस्त

दुसरी सवय टिपणाची. वाचताना वहीत काहीतरी उतरवून घेणे म्हणजे टिपण नव्हे. चांगल्या टिपणात चार गोष्टी वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत. मजकूर कोठला, म्हणजे लेखक, पुस्तक किंवा दैनिक, वर्ष आणि पृष्ठ. लेखकाचे मूळ शब्द, तेही अवतरणचिन्हांत. त्याचा आशय विद्यार्थ्याच्या स्वतःच्या शब्दांत. आणि शेवटी विद्यार्थ्याच्या मनात आलेली शंका. बहुतेक वेळा अनवधानाने होणारी उचलेगिरी येथेच घडते. महिन्यापूर्वी वहीत लिहिलेले वाक्य पुस्तकातले की आपले, हे प्रकल्प लिहायला बसल्यावर आठवत नाही आणि ते आपलेच म्हणून निबंधात जाते. अवतरणचिन्हांची एक जोडी त्या वेळी आठवणीने घातली असती तर हा घोटाळा टळला असता.

या शिस्तीचा भव्य नमुना पुण्यातच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि ते १९६६ मध्ये पूर्ण झाले. त्यासाठी १२५९ हस्तलिखितांची तुलना करण्यात आली. या आवृत्तीच्या पानावर वरच्या भागात संपादकांनी स्वीकारलेला पाठ आहे आणि खाली, लहान टायपात, वेगवेगळ्या पोथ्यांतील पाठभेद दिलेले आहेत. आपण हा पाठ निवडला. पण ज्याला तपासून पाहायचे असेल त्याच्यासाठी न निवडलेले पाठही येथे ठेवले आहेत, असा तो व्यवहार आहे. वाचकाने संपादकावर डोळे मिटून विश्वास ठेवावा, अशी त्यात अपेक्षा नाही.

पहिल्या वर्षाच्या पाच पानी निबंधातील तळटीप हीदेखील त्याच जातीची असते. ती मास्तरांना खूश करण्यासाठी नसून वाचकाला मूळ ठिकाणी पोहोचवण्यासाठी असते, हे समजले की संदर्भ देण्याचा जाच वाटत नाही. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये काढला तेव्हा आधी कागदपत्रेच प्रसिद्ध केली. साधन आधी आणि निष्कर्ष नंतर, हा क्रम महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला परका नाही. त्याचे विस्मरण मात्र झाले आहे.

टिपण सुरू करण्यासाठी आज साधनांची टंचाई नाही. मराठी विश्वकोश इंटरनेटवर खुला आहे आणि त्यातील अनेक नोंदींच्या शेवटी संदर्भग्रंथ व लेखकाचे नाव असते. भारतीय विद्यापीठांतील प्रबंध ‘शोधगंगा’ या भांडारात वाचता येतात. विकिपीडियावरील लेखाचा उपयोगही वाट दाखवणारा म्हणून करता येतो. तेथे दिलेल्या संदर्भापर्यंत जाऊन तो स्वतः वाचायचा, एवढे पथ्य पाळले म्हणजे झाले. कोश आणि ज्ञानकोश ही सुरुवात करण्याची ठिकाणे आहेत. प्रकल्प तेथेच संपला तर मात्र शोध घेतला असे म्हणता येणार नाही.

ठिगळ लावलेली वाक्ये

शब्दन् शब्द उतरवणे चुकीचे, हे विद्यार्थ्याला लवकर समजते. त्यानंतर तो एक मधला मार्ग शोधतो. मूळ वाक्य समोर ठेवायचे आणि त्यातील काही शब्दांच्या जागी समानार्थी शब्द बसवायचे. अमेरिकेतील लेखनशिक्षणाच्या अभ्यासक रिबेका मूर हॉवर्ड यांनी १९९०च्या दशकात या प्रकाराला स्वतंत्र नाव दिले. मराठीत त्याला ‘ठिगळलेखन’ म्हणता येईल. त्यांच्या मते असे लेखन करणारा प्रत्येक विद्यार्थी लबाड नसतो. बरेचदा त्याला मूळ मजकूर पुरता समजलेला नसतो, म्हणून तो वाक्याचा हात सोडू शकत नाही.

उदाहरणार्थ, एखाद्या पुस्तकात असे वाक्य आहे असे समजू: ‘खडकवासल्याचा बांध कोसळल्यामुळे शहराचा पाणीपुरवठा खंडित झाला आणि नागरिकांना विहिरींचा आधार घ्यावा लागला.’ विद्यार्थी लिहितो: ‘खडकवासल्याचे धरण फुटल्याने नगराचा जलपुरवठा बंद पडला व लोकांना विहिरींवर अवलंबून राहावे लागले.’ येथे बहुतेक शब्द बदलले, तरी वाक्य मूळ लेखकाचेच राहिले. आता पुस्तक मिटून, दहा मिनिटांनी लिहिलेले वाक्य पाहावे: ‘पुराने शहरात सगळीकडे पाणी आणले आणि पिण्याचे पाणी मात्र तोडले. या काळात विहिरी उपयोगी पडल्या, असे हे पुस्तक सांगते. पण कोणत्या पेठेतील विहिरी, हे त्यात दिलेले नाही.’ या वाक्यांत विद्यार्थी दिसू लागतो. त्याने माहितीचे श्रेय दिले आहे, तिची मर्यादा ओळखली आहे आणि पुढचा प्रश्नही त्याच्या हाती आला आहे.

हॉवर्ड आणि सँड्रा जेमिसन यांच्या पुढाकाराने अमेरिकेतील सोळा महाविद्यालयांतील १७४ निबंधांचा जो अभ्यास झाला, त्यातून आणखी एक गोष्ट पुढे आली. विद्यार्थ्यांनी दिलेल्या संदर्भांपैकी जवळपास सत्तर टक्के संदर्भ मूळ साधनाच्या पहिल्या दोन पानांतले होते. पुस्तक किंवा लेख उघडायचा, आरंभीचे एखादे सोयीचे वाक्य उचलायचे आणि पुढे जायचे, ही रीत तेथेही आहे. यावर उपाय साधा आहे. दहा साधनांची यादी मागण्याऐवजी तीन साधने पूर्ण वाचायला लावावीत आणि प्रत्येकाचा दहा ओळींत सारांश लिहून घ्यावा. संपूर्ण लेख वाचल्याशिवाय सारांश लिहिता येत नाही.

मराठी विद्यार्थ्याच्या बाबतीत भाषेचा एक वेगळा पैलू आहे. अनेक विषयांतील साधने इंग्रजीत असतात आणि निबंध मराठीत लिहायचा असतो. इंग्रजी परिच्छेदाचा अनुवाद करून तो आपला म्हणून दिला, तर साम्य शोधणाऱ्या यंत्राला ते बहुधा कळत नाही. तरीही ती उचलेगिरीच होय. कारण भाषा बदलली तरी विचाराचा मालक बदलत नाही. याउलट, प्रामाणिकपणे वापरल्यास हीच अडचण मोठी शिक्षिका ठरते. इंग्रजीतील युक्तिवाद सोप्या मराठीत, मूळ लेखकाचे नाव घेऊन सांगता आला, तर तो समजला आहे याची त्याहून चांगली परीक्षा नाही. इंग्रजी कच्चे असल्याचा न्यूनगंड घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला येथे त्याची मातृभाषाच हात देते.

यंत्राने लिहिलेले पान

नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ सर्वांसाठी खुले झाले आणि झेरॉक्सच्या दुकानाचीही गरज उरली नाही. विषय टाइप केला की सुबक परिच्छेद समोर येतात. ते कुणाच्या पुस्तकातून शब्दशः घेतलेले नसल्याने साम्याची टक्केवारीही कमी दिसू शकते. पण या सोयीत एक धोका आहे. अशी साधने अस्तित्वात नसलेली पुस्तके आणि लेख पूर्ण आत्मविश्वासाने संदर्भ म्हणून देऊ शकतात. न्यूयॉर्कमधील दोन वकिलांनी एका दाव्यात अशा यंत्राने रचलेल्या खोट्या निकालांचे दाखले न्यायालयात सादर केले. ते निकाल कोठेही सापडेनात. जून २०२३ मध्ये न्यायालयाने त्यांना पाच हजार डॉलरचा दंड ठोठावला. अनुभवी वकिलांची ही गत झाली, तर अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने फसावे यात नवल नाही.

सरसकट बंदी घालून हा प्रश्न सुटणार नाही. यंत्राचा उपयोग अवघड परिच्छेद समजून घेण्यासाठी, शुद्धलेखन पाहण्यासाठी किंवा आपल्या मांडणीवर आक्षेप काय येऊ शकतात हे विचारण्यासाठी करता येतो. त्याने सुचवलेला प्रत्येक संदर्भ मात्र प्रत्यक्ष उघडून पाहिला पाहिजे आणि यंत्राची मदत घेतली असल्यास तसे लिहिले पाहिजे. खरा तोटा वेगळाच आहे. पहिला कच्चा मसुदा लिहिताना होणारी ओढाताण हीच शिकण्याची जागा असते. वाक्य अडते, कारण विचार अडलेला असतो. ते सोडवताना विचार सुटतो. तो मसुदा यंत्राकडून घेतला, तर विद्यार्थ्याकडे निबंध असतो, पण निबंध लिहिताना जे घडायचे ते घडलेले नसते.

शिक्षकाच्या हाती काय आहे?

सव्वाशे विद्यार्थ्यांच्या वर्गात हे सारे कसे जमवायचे, हा शिक्षकांचा प्रश्न रास्त आहे. अनेक महाविद्यालयांत पदे रिक्त आहेत आणि तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या शिक्षकांवर भार मोठा आहे. अशा स्थितीत पंचवीस पानी प्रकल्प मागणे हीच मुळात चूक ठरते. त्याऐवजी पाच पाने मागावीत. पण ती टप्प्याटप्प्याने.

एक सत्र साधारण पंधरा आठवड्यांचे असते. त्यातील आठ आठवडे या कामासाठी पुरतात. पहिल्या दोन आठवड्यांत प्रत्येकाने एका ओळीत आपला प्रश्न लिहून द्यावा. शंभर ओळी तपासायला एक तास पुरतो आणि कोणाचा प्रश्न फार मोठा आहे हे लगेच दिसते. तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात तीन साधनांची टिपणे व्हावीत. त्यासाठी एक तास वर्गाऐवजी ग्रंथालयात घेतला आणि ग्रंथपालांनी तालिका व जुनी नियतकालिके कशी पाहायची हे दाखवले, तर पुष्कळ विद्यार्थी पहिल्यांदाच ग्रंथालयाच्या आतल्या खोलीत पाऊल ठेवतील. पाचव्या-सहाव्या आठवड्यात कच्चा मसुदा हाताने लिहावा. सातव्या आठवड्यात विद्यार्थ्यांनी जोडीने एकमेकांचे मसुदे वाचून, न कळलेल्या वाक्याखाली फक्त रेघ मारावी. आठव्या आठवड्यात पुनर्लेखन करून निबंध द्यावा आणि सोबत टिपणे व कच्चा मसुदाही जोडावा. अंतिम पानांइतकेच गुण या वाटेला ठेवले, तर उचलेगिरीचा मोह आपोआप कमी होतो. कारण तयार प्रकल्पाला कच्चा मसुदा नसतो.

याला दोन मिनिटांच्या तोंडी प्रश्नाची जोड द्यावी. ‘या पानावरील सर्वांत अवघड वाक्य कोणते होते आणि ते तू कसे लिहिलेस?’ एवढे विचारले तरी पुरे. ज्याने लिहिले आहे तो बोलू लागतो.

विद्यार्थ्यानेही स्वतःपुरते काही पाळता येते. रोज वीस मिनिटे वाचलेल्या मजकुरावर पाच ओळी लिहाव्यात. कुणी तपासो वा न तपासो. निबंध देण्याच्या आदल्या रात्री लिहू नये, कारण त्या रात्री फक्त उतरवणेच शक्य असते. लिहिलेले एकदा मोठ्याने वाचावे. जेथे जीभ अडखळते तेथे बहुधा दुसऱ्याचे वाक्य बसलेले असते.

अशा रीतीने लिहिलेली पाच पाने दिसायला साधी असतील. त्यांना स्पायरल बाइंडिंग नसेल, रंगीत मुखपृष्ठ नसेल, शुद्धलेखनाच्या दोन-चार चुकाही राहिल्या असतील. पण पाणीपुरवठ्याच्या त्या निबंधात कुठेतरी असे एक वाक्य येईल की, जुलैच्या वर्तमानपत्रांत टँकरचा उल्लेख सापडला. परंतु शेजारच्या आजींच्या गल्लीत तो कधीच आला नाही, असे त्या सांगतात. कागद आणि आठवण यांतील हा फरक विद्यार्थ्याला स्वतःहून दिसलेला असेल. तो का पडला, हे शोधण्यासाठी ती मुलगी किंवा तो मुलगा दुसऱ्या दिवशी पुन्हा ग्रंथालयात गेला, तर पहिल्या वर्षाचे काम झाले असे समजावे.